दोनदा कागदावरच राहिलेले रात्रीचे विमान

१९४२ सालची इंग्लंडमधील एक रात्र डोळ्यांसमोर आणावी. लिंकनशायरमधल्या हिबल्डस्टो तळावरून एक जोडविमान निघते. पुढे अमेरिकन बनावटीचे, दोन इंजिनांचे जड ‘हॅवॉक’. त्यात एकही बंदूक नाही. नाकात प्रचंड प्रकाशझोताचा दिवा, पोटात तो पेटवण्यासाठी बॅटऱ्यांचे ओझे आणि सोबत रडार. त्याच्या बाजूने उडणारे छोटे ‘हरिकेन’. हॅवॉकने रडारवर शत्रू शोधायचा, अचानक झोत टाकायचा आणि त्या उजेडात हरिकेनने गोळ्या झाडायच्या. ‘टर्बिनलाइट’ नावाचा हा उद्योग जवळजवळ निष्फळ ठरला आणि १९४३ च्या आरंभी गुंडाळला गेला.

त्या हरिकेन तुकडीचे अधिकृत नाव होते ‘२५३ (हैदराबाद स्टेट) स्क्वाड्रन’.

नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. लातूर स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो उस्मानाबादचा भाग होता. पहिल्या महायुद्धात निजामाने ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीसाठी विमाने दिली, म्हणून तिच्या नावात ‘हैदराबाद’ आले. दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ या आणखी दोन तुकड्यांना ते नाव मिळाले. १५२ च्या बोधचिन्हावर तर निजामाचे शिरोभूषणच आहे. मराठवाड्याचा शेतसारा ज्या तिजोरीत जमा होत होता, तिच्या मालकाच्या औदार्याची ही पावती. ज्याच्या घामातून ती तिजोरी भरली, त्या शेतकऱ्याला याचा पत्ता असण्याचे काही कारण नव्हते.

पण टर्बिनलाइटच्या फजितीतून युद्धशास्त्रातला एक मोठा प्रश्न दिसतो. रात्री आकाशात शत्रू शोधायचा कसा, आणि सापडल्यावर त्याला गाठायचे कसे? शोधण्यासाठी जड यंत्रणा हवी, गाठण्यासाठी हलके व वेगवान विमान हवे. दोन्ही एकाच विमानात बसवणे हे त्या काळातले सर्वांत अवघड काम होते. या धाग्याचा विषय आहे तो प्रश्न सोडवू पाहणारे जर्मन जेट विमान, जे कधी बनलेच नाही. त्याच्या एका अभिकल्पकाने पुढे भारतात येऊन तेच स्वप्न पुन्हा आखले, आणि तेही कागदावरच राहिले.

जर्मनीची अडचण ब्रिटनपेक्षा मोठी होती. १९४२ नंतर ब्रिटिश बाँबफेकी विमाने शेकड्यांनी येऊ लागली, तीही रात्री. जर्मनांनी दोन इंजिनांच्या विमानांवर ‘लिश्टेनश्टाइन’ रडार बसवले. त्याचे अँटेना नाकाबाहेर हरणाच्या शिंगांसारखे पसरलेले असत. स्वतः जर्मनही त्यांना ‘सांबरशिंगे’ म्हणत. ही शिंगे वारा अडवत आणि वेग खात. २४ जुलै १९४३ च्या रात्री ब्रिटिशांनी हँबुर्गवर ॲल्युमिनियमच्या वर्खाच्या लक्षावधी पट्ट्या उधळल्या आणि जर्मन रडारचे पडदे खोट्या ठिपक्यांनी भरून गेले. पुढच्या काही रात्रींत त्या शहरात ३५,००० हून अधिक माणसे मेली. रात्रीच्या लढाऊ विमानांचा प्रश्न बर्लिनमध्ये इतका जिव्हाळ्याचा का बनला, हे या आकड्यावरून कळते.

त्यात भर पडली ब्रिटिश ‘मॉस्किटो’ची. लाकडी सांगाड्याचे हे विमान इतके वेगवान होते की जर्मन विमानांना ते दिसले तरी हाती लागत नसे.

येथे कुर्ट टांक या माणसाचा प्रवेश होतो. फोके-वुल्फ कंपनीचा हा मुख्य अभिकल्पक. स्वतः चाचणी वैमानिक असलेला, आखलेले विमान स्वतः उडवून पाहणारा. ‘फोके-वुल्फ १९०’ हे जर्मनीचे गाजलेले लढाऊ विमान त्याचेच. मॉस्किटोला उत्तर म्हणून त्याने ‘टीए १५४’ हे लाकडी रात्रीचे विमान तयार केले. १९४३ मध्ये ते उडाले आणि चांगले उडाले. मात्र लाकडाचे थर जोडणारा खास डिंक वुपरटालच्या ज्या कारखान्यात बनत होता, तो बाँबहल्ल्यात नष्ट झाला. पर्यायी डिंकातील आम्लाने लाकूडच पोखरले. १९४४ मध्ये विमाने कोसळली आणि प्रकल्प रद्द झाला. उत्तम आराखडा डिंकाअभावी मेला. टांकच्या आयुष्यात हा प्रकार पुन्हा घडणार होता; डिंकाच्या जागी दुसरी वस्तू असेल इतकेच.

तोवर जेट आले होते. ‘मेसरश्मिट २६२’ च्या दोन आसनी विमानावर घाईने रडार बसवून बर्लिनच्या रात्रींत मॉस्किटोंच्या पाठलागाला पाठवले गेले. अशी दोन आसनी विमाने बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यांच्याही नाकावर शिंगे होतीच. शिवाय जेट इंजिन इंधन अधाशीपणे पिते. हे विमान तास-दीड तासाच्या वर हवेत राहू शकत नसे. रात्रीच्या शिकाऱ्याला मात्र तासन्‌तास दबा धरून फिरावे लागते.

म्हणून १९४५ च्या जानेवारीअखेर जर्मन हवाई मंत्रालयाने नवी मागणी काढली: ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेग, चार तास हवेत राहण्याची क्षमता, ३० मिलिमीटरच्या चार तोफा आणि नव्या पद्धतीचे रडार. हे रडार ब्रिटिशांच्याच कृपेचे होते. १९४३ च्या फेब्रुवारीत रॉटरडॅमजवळ पाडलेल्या एका बाँबफेकी विमानात त्यांचे अतिसूक्ष्म लहरींचे रडार सापडले होते. त्यावरून जर्मनांनी आपले रडार बेतले. त्याची थाळी विमानाच्या नाकाच्या आत मावत असे. शिंगांची गरज संपली.

मागणीची तारीख लक्षात घ्यावी. तेव्हा सोव्हिएत फौजा ओडर नदीला भिडत होत्या. त्याच सुमारास, २७ जानेवारीला, त्या आउशवित्झच्या छावणीत पोहोचल्या. आणि मंत्रालय पुढच्या पिढीच्या विमानासाठी स्पर्धा भरवत होते.

स्पर्धेत बहुतेक सर्व मोठ्या कंपन्या उतरल्या: डॉर्निए, आराडो, गोथा, हाइन्केल, मेसरश्मिट, ब्लोम उंड फॉस आणि टांकची फोके-वुल्फ. बाँबहल्ल्यांमुळे फोके-वुल्फचा आराखडा विभाग ब्रेमेनहून बाड आइल्सन या छोट्या गावी हलवला होता. तेथे मागे झुकलेल्या पंखांची, एकाहून अधिक जेट इंजिनांची रात्रीची विमाने कागदावर उतरत होती. अखेरच्या आठवड्यांत पसंती मिळाली ती मात्र ब्लोम उंड फॉसच्या ‘पी २१५’ ला. हे विचित्र दिसणारे यंत्र होते. त्याला नेहमीसारखी शेपटी नव्हती, पंख मागे झुकलेले, नाकात रडार आणि तोफा, आत तिघांचा चालकवर्ग, आणि मागच्या भागात शेजारी शेजारी दोन जेट इंजिने. ते कधी बनले नाही. मेच्या आरंभी ब्रिटिश फौजा हँबुर्गमध्ये शिरल्या.

आज इंटरनेटवर या आराखड्यांची सुंदर संगणकीय चित्रे फिरतात. चांदण्यात चमकणारे पंख, पेटलेले मॉस्किटो, आणि खाली ओळ: ‘आणखी सहा महिने मिळाले असते तर...’ या ‘तर’ची तपासणी करणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे. ती तपासणी इंजिनापाशी सुरू होते.

या नव्या आराखड्यांपैकी बहुतेकांचा भार ‘हाइन्केल ०११’ या एकाच इंजिनावर होता. सुमारे १,३०० किलो रेट्याचे हे इंजिन हान्स फॉन ओहाइनच्या चमूचे. जगातले पहिले जेट विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले ते याच ओहाइनच्या इंजिनावर. माणूस प्रतिभावान होता, यात शंका नाही. पण युद्ध संपेपर्यंत हाइन्केल ०११ ची दोन डझन नगेही तयार झाली नव्हती, आणि जी होती ती चाचणीच्या अवस्थेत होती. टर्बाइनच्या पात्यांना तापाने वितळू न देणाऱ्या मिश्रधातूंसाठी निकेल आणि क्रोमियम लागते. दोन्हींचा जर्मनीत दुष्काळ होता. वापरात असलेली जेट इंजिनेही काही तासांतच निकामी होत. मे १९४४ पासून कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर बाँब पडत होते, त्यामुळे तयार विमानेही धावपट्टीच्या कडेला उभी होती. रडार, तोफा, पंख यांच्या रेषा कितीही अचूक असोत, त्यांच्यामागे इंजिनाच्या जागी एक रिकामा चौकोन होता.

दुसरी तपासणी अधिक गंभीर आहे. ब्लोम उंड फॉसच्या हँबुर्गमधील जहाज गोदीत १९४४ च्या उत्तरार्धापासून नॉयनगामे छळछावणीची एक उपछावणी होती. तेथील कैद्यांकडून गुलामासारखे काम करून घेतले जात असे. जर्मन विमान उद्योग त्या वर्षांत वेठीच्या मजुरांवर उभा होता. फोके-वुल्फही त्याला अपवाद नव्हती. ‘पी २१५’ बनवले गेले असते, तर ते कोणाच्या हातांनी बनले असते, हे त्या चमकदार चित्रांत दिसत नाही. ‘सहा महिने आणखी’ याचा अर्थ त्या छावण्यांचेही सहा महिने आणखी, असा होतो.

आता थोडे मागे, गॉटिंगेन या विद्यापीठनगरीत जायला हवे. मागे झुकलेल्या पंखांची कल्पना ज्या विज्ञानातून आली त्याचे हे माहेरघर. लुडविग प्रांटल हा आधुनिक वायुगतिकीचा जनक येथे शिकवत होता. त्याच्याच परंपरेतल्या आडोल्फ बुझेमानने १९३५ मध्ये रोमच्या परिषदेत झुकलेल्या पंखांचा सिद्धांत मांडला. ऐकणाऱ्या पाहुण्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. गॉटिंगेनच्या वातबोगद्यांत मात्र पुढे त्यावर प्रयोग झाले.

त्याच वर्षांत प्रांटलच्या हाताखाली एक मराठी तरुण डॉक्टरेट करत होता. विष्णू माधव घाटगे हे त्याचे नाव. १९०८ साली कोल्हापूर भागातल्या, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावी जन्म. मुंबईत पदार्थविज्ञानाचे शिक्षण. १९३६ साली गॉटिंगेनची पदवी. हान्स फॉन ओहाइनने त्याच विद्यापीठातून १९३५ च्या सुमारास डॉक्टरेट मिळवली. एकाच गावातून निघालेल्या या दोन वाटा. एक रोस्टॉकच्या हाइन्केल कारखान्यात गेली, दुसरी बंगळुरूला.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. युद्धकाळातच घाटग्यांनी तेथे दहा आसनी ग्लायडर आखले, म्हणजे इंजिनच नसलेले विमान. पारतंत्र्यातल्या देशाने विमानविद्येचा श्रीगणेशा इंजिनाविना केला, याला योगायोग म्हणावे की परिस्थितीची सक्ती? १९५१ साली त्यांचे ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान उडाले. स्वतंत्र भारतात आखलेले आणि बांधलेले हे पहिले इंजिनयुक्त विमान.

टांक दरम्यान कुठे होता? १९४७ मध्ये पेद्रो मात्थिएस या खोट्या नावाने तो अर्जेंटिनात पोहोचला. हुकूमशहा पेरोनसाठी त्याने ‘पुल्की २’ हे झुकलेल्या पंखांचे जेट बनवले. या वेळी इंजिन ब्रिटिश आणि तयार होते, म्हणून १९५० मध्ये विमान उडाले. चाचण्यांत दोन वैमानिकांचे प्राण गेले, पाच नमुन्यांपुढे काम सरकले नाही, १९५५ साली पेरोनची सत्ता गेली आणि टांकचा आश्रयही.

ऑगस्ट १९५६ मध्ये कुर्ट टांक अठरा जर्मन सहकाऱ्यांसह बंगळुरूला आला.

भारतीय हवाई दलाची मागणी महत्त्वाकांक्षी होती. ध्वनीच्या दुप्पट वेग, ६०,००० फूट उंची, ५०० मैलांची कार्यत्रिज्या. त्याच मागणीत एक कलम असे होते की मूळ आराखडा पुढे तीन रूपांत बदलता यावा: प्रशिक्षण विमान, नौदलाचे विमान आणि सर्व हवामानांत लढणारे विमान. ‘सर्व हवामान’ या शब्दांत रात्र आलीच. बाड आइल्सनमध्ये कागदावर राहिलेले काम टांकच्या टेबलावर दुसऱ्यांदा आले होते.

काम नेटाने झाले. आधी पूर्णाकृती लाकडी ग्लायडर बनवले, १९५९ मध्ये ते डकोटा विमानाला बांधून आकाशात नेले आणि पंखांची वर्तणूक तपासली. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ‘एचएफ-२४’ चे पहिले उड्डाण केले. त्याला ‘मरुत’ हे वैदिक वादळदेवतेचे नाव मिळाले. नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या. १९४५ च्या त्या मागणीतही ३० मिलिमीटरच्या चारच मागितल्या होत्या. मरुतच्या तोफा ब्रिटिश ‘एडन’ जातीच्या, आणि त्यांची रचना युद्धात हाती लागलेल्या जर्मन माउझर तोफेवरून घेतलेली.

मग इंजिन. आखणी ज्या ब्रिटिश ‘ऑर्फियस १२’ इंजिनावर झाली, त्याचा रेटा आफ्टरबर्नरसह ३,७०० किलोंच्या आसपास असणार होता. नाटो देशांनी त्यात रस दाखवला नाही, विकासाचा खर्च भारताने उचलावा अशी अपेक्षा झाली, भारताने तो उचलला नाही आणि इंजिन जन्मलेच नाही. मरुतला मिळाले ते बंगळुरूत परवान्याने बनणारे ‘ऑर्फियस ७०३’, रेटा सुमारे २,२०० किलो, आफ्टरबर्नरविना. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी कोरलेले अंग ध्वनीच्या वेगाशी जेमतेम बरोबरी करू लागले.

‘ब्रिटनने दगा दिला’ हे या कथेचे लोकप्रिय रूप. ते अर्धेच खरे आहे. दिल्लीला १९५० च्या दशकात परकीय चलनाची चणचण होती, हे मान्य. पण विमानाच्या आराखड्यावर खर्च करायचा आणि इंजिन दुसऱ्या कोणाच्या गरजेतून तयार होईल या भरवशावर बसायचे, ही निवड होती आणि ती आपली होती.

नंतरची धडपड कौतुकास्पद आणि करुण आहे. इजिप्तमध्ये फर्डिनंड ब्रांडनर हा ऑस्ट्रियन अभियंता ‘ई-३००’ नावाचे इंजिन बनवत होता. त्यासाठी एक मरुत तिकडे पाठवले गेले आणि १९६७ मध्ये ते नव्या इंजिनासह उडालेही. त्याच वर्षी अरब-इस्रायल युद्ध झाले आणि दोन वर्षांत तो प्रकल्प मावळला. टांकही १९६७ मध्ये भारतातून गेला. देशात ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडण्याचे प्रयोग झाले. १० जानेवारी १९७० रोजी अशाच एका मरुतच्या चाचणीत सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. पहिल्यांदा ज्याने हे विमान आकाशात नेले, तो त्याला हवे ते इंजिन मिळवून देण्याच्या धडपडीत गेला.

सर्व हवामानांतले, रडारयुक्त मरुत आले नाही. १९७१ च्या युद्धात मरुत राजस्थान आघाडीवर उत्तरलाई आणि जोधपूरहून उडाले. जमिनीलगत वेगाने जाऊन मारा करण्यात त्यांनी चांगले नाव कमावले, पण दिवसा.

‘बॉर्डर’ चित्रपट पाहिलेल्या प्रत्येकाला त्या युद्धातली एक रात्र ठाऊक आहे. ४ डिसेंबरच्या रात्री लोंगेवालाच्या चौकीवर पाकिस्तानी रणगाडे आले. जैसलमेरला हंटर विमाने सज्ज होती, पण रात्री लढण्याची साधने त्यांच्यात नव्हती. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीला उजाडेपर्यंत तग धरावा लागला. पहाट झाली तेव्हा हंटर आले आणि वाळूत अडकलेले रणगाडे एकेक करून फुटले. रडार असलेले मरुत त्या रात्री काही करू शकले असते, असे म्हणणे पुन्हा त्याच ‘तर’च्या सापळ्यात अडकणे होईल, अंधारात वाळवंटातला रणगाडा शोधणे हा विमानाशी विमानाच्या झुंजीपेक्षा वेगळा प्रश्न आहे. एवढे मात्र खरे की १९५६ च्या मागणीपत्रात रात्रीची जी सोय लिहिली होती, ती पंधरा वर्षांनंतरही भारतीय आकाशात फार तोकडी होती.

या सगळ्या काळात घाटगे त्याच कारखान्यात होते. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान सप्टेंबर १९६४ मध्ये उडाले. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. किरण दिसायला साधे, वेगाने मध्यम. पण त्याची आखणी ‘व्हायपर’ या सहज मिळणाऱ्या, सिद्ध झालेल्या इंजिनाभोवती झाली होती. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. गॉटिंगेनचा हा विद्यार्थी आधी इंजिन हातात घेत असे आणि मग पेन्सिल. टांकची पेन्सिल नेहमी इंजिनाच्या पुढे धावली. दोघांत मोठा अभिकल्पक कोण, यावर वाद होऊ शकेल. पण किरणच्या इंजिनाची वाट कोणालाही पाहावी लागली नाही.

एकूण १४७ मरुत बनली आणि १९९० पर्यंत ती सेवेतून गेली. टांक १९८३ मध्ये म्युनिकला वारला, घाटगे १९९१ मध्ये गेले. बंगळुरूच्या संग्रहालयांत मरुत पाहायला मिळते. आणखी एक मरुत म्युनिकजवळच्या श्लाइसहाइम येथे, जर्मन संग्रहालयाच्या जुन्या विमानतळावरील दालनात उभे आहे, आपल्या दोन छोट्या ऑर्फियस इंजिनांसह.